गाभण घोडीला पेम्फिगस असेल तर लस द्यायची की टाळायची?

पेम्फिगस या कातडीच्या आजाराची घोडी गाभण राहिली की लसीचा प्रश्न उभा राहतोच. लस म्हणजे प्रतिकारशक्तीला मुद्दाम चाळवणं, आणि या घोडीची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या कातडीवर उलटलेली. म्हणून पुष्कळ मालक ‘या खेपेला काहीच नको’ म्हणून मोकळे होतात. तसं करणं सोपं आहे, पण बहुतेक वेळा चुकीचं. घोडीची वार (प्लॅसेंटा) प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, शिंगराकडे जाऊ देत नाही. जन्मलेल्या शिंगराच्या रक्तात ती जवळपास नसतात; पहिल्या चिकातून मिळतील तेवढीच. विण्यापूर्वीची लस घोडीइतकीच शिंगरासाठीही असते ती यामुळे.

‘लस द्यावी का’ असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. एकेका रोगाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो: धनुर्वाताची लस जवळजवळ नेहमी द्यावी, रेबीजची जागा आणि आधीची नोंद पाहून, आणि हर्पिस-इन्फ्लुएन्झाच्या लसी गोव्यातल्या एकट्यादुकट्या घोडीला बहुतेक वेळा टाळता येतात. शेवटचा शब्द अर्थात घोडी तपासणाऱ्या पशुवैद्यांचा.

आधी आजार तोच आहे ना?

गोव्याच्या पावसात घोड्याच्या अंगावर खपल्या येण्याला पेम्फिगसच लागतो असं नाही. जून ते सप्टेंबर कातडी सुकतच नाही आणि डर्माटोफिलस नावाचा जिवाणू पाठीवर, पुठ्ठ्यावर ठाण मांडतो. त्याची खपली ओढली की केसांचा झुबका रंगाच्या ब्रशसारखा हातात येतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. दुसरा ठग म्हणजे गजकर्णाची बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली ती हुबेहूब पेम्फिगससारखं चित्र उभं करू शकते. या दोन्हींत पेम्फिगसचं नेहमीचं औषध, म्हणजे स्टेरॉइड, दिलं तर रोग फोफावतो. चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आयाळ आणि शेपटीच्या मुळाशी जास्त दिसते, आणि घोडी खांबाला अंग घासून ती जागा सोलून काढते.

पेम्फिगस फोलिएशियसमध्ये प्रतिपिंडं कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करतात. चिऱ्यांच्या भिंतीतला चुना विरघळला तर चिरे सुटे होतील, तशा पेशी सुटतात. सुरुवात बहुधा चेहऱ्यावर आणि पायांवर होते. खुराच्या वरच्या कडेला खपल्या, पायाच्या आतल्या बाजूच्या शिंगट गाठीभोवती कोंडा, पोटाखाली आणि पायांना सूज, कधी ताप. पोटाखालची सूज सर्रा या गोमाशीमार्फत पसरणाऱ्या रोगातही येते, तेव्हा रक्ततपासणी सोडू नका.

खात्री बायोप्सीनेच, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासल्यानेच, होते. ती घेताना हमखास होणारी चूक म्हणजे जागा साबणाने घासून स्वच्छ करणं. निदान खपलीतच असतं. खपली धुतली गेली की तुकडा पाठवूनही हाती काही लागत नाही. केस कात्रीने हलके कापावेत, खपलीसकट ३-४ तुकडे घ्यावेत, १० टक्के फॉर्मलिनमध्ये घालावेत, सुटलेली खपलीही त्याच बाटलीत टाकावी आणि प्रयोगशाळेला ‘बुरशीसाठी वेगळं रंजन करा’ असं लिहून कळवावं. गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, पण फॉर्मलिनमधला नमुना कुरियरने मुंबई, शिरवळ किंवा बेंगळुरूला सहज जातो. स्टेरॉइड सुरू करण्याआधी घेतलेली बायोप्सी सर्वांत बोलकी. ‘गोळ्या देऊन बघू, फरक पडला तर पेम्फिगस’ या पद्धतीने झालेल्या निदानावर लसीचा निर्णय उभा करू नये.

तारखा मांडा

घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा. ३२० ते ३६५ हे सगळं सामान्यच. घोड्याला शेवटची दाखवल्याची तारीख १० एप्रिल असेल तर विण्याचा अंदाज १६ मार्च. विण्यापूर्वीची लस ४ ते ६ आठवडे आधी द्यायची असते, म्हणजे २ ते १६ फेब्रुवारीच्या दरम्यान. निरोगी घोडीत यातला कुठलाही दिवस चालतो. पेम्फिगसच्या घोडीला मात्र सहाव्या आठवड्याकडची तारीख धरावी, म्हणजे साधारण २९८ वा दिवस.

कारण असं की लसीने आजार उसळायचाच असेल तर तो बहुधा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दिसतो. मग स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. ती वाढ अगदी शेवटच्या दिवसांत आली तर दोन बाजूंनी अडचण होते. दिवसाला १०० मिग्रॅ एवढं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ३-४ दिवस दिलं तर भरत आलेली घोडी वेळेआधी विऊ शकते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शिवाय स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेवर खुरातला दाह, म्हणजे लॅमिनायटिस, होण्याची भीती असते आणि घोडी तेव्हा सर्वांत जड असते. सहाव्या आठवड्यात लस दिली तर उसळी आलीच तरी ती आवरायला वेळ मिळतो, आणि प्रतिपिंडं चिकात उतरायलाही पुरेसा अवधी राहतो.

आधी कधीच लस न झालेल्या घोडीला दोन डोस लागतात, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने. वरच्या उदाहरणात पहिला ५ जानेवारीच्या सुमारास, दुसरा २ फेब्रुवारीला. यात एक फायदाही दडलेला आहे: जानेवारी-फेब्रुवारीत गोव्यात हवा कोरडी, चिलटं कमी, कातडी त्यातल्या त्यात शांत. ऑगस्टमध्ये विणाऱ्या घोडीला ही सवलत नाही. तिची लस जूनच्या शेवटी किंवा जुलैत पडते, नेमक्या चिखलाच्या दिवसांत, आणि नंतर आलेली खपली लसीची की पावसाची हे ठरवताना डॉक्टरांचाही कस लागतो. पुढच्या खेपेला घोडी दाखवायचा महिना निवडताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या दोन महिन्यांत लस टाळावी. तेव्हा गर्भ आपसूक पडण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं आणि मग दोष लसीवर जातो. शेवटच्या दोन आठवड्यांत दिलेल्या लसीचा चिकाला फारसा उपयोग नाही.

औषधं कोणती, किती?

घोडीचं वजन अंदाजाने सांगू नका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन ३६५ किलो. शेवटच्या तीन महिन्यांत हे सूत्र शिंगराचं ओझंही मोजतं, म्हणून गाभण राहण्याआधीचा आकडा असेल तर तोही डॉक्टरांना द्या.

नेहमीचं औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दर किलोला १ ते २ मिग्रॅ, तोंडाने. ४०० किलोच्या घोडीला १ मिग्रॅच्या हिशेबाने ४० मिग्रॅच्या १० गोळ्या. औषधाच्या दुकानात ‘प्रेडनिसोन’ पुढे केलं तर परत करा. घोड्याच्या शरीरात ते नीट शोषलं जात नाही आणि त्याचं प्रेडनिसोलोनही होत नाही; पैसे जातात आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा भलताच निष्कर्ष निघतो. अझाथायोप्रिन किंवा सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं, ही पेम्फिगसवरची दुसरी औषधं, चालू असतील तर घोडी गाभण असल्याचं त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गाभणपणात ती टाळली जातात.

लसीसाठी स्टेरॉइड अचानक बंद करायचं नाही. तसं केलं की आजार उसळतो, आणि बदनाम होते लस. योग्य वेळ म्हणजे किमान दोन-तीन आठवडे मात्रा तीच आहे किंवा हळूहळू उतरते आहे, नवी पुटकुळी नाही, ताप नाही, घोडी खातेपिते आहे. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेवर असलेल्या घोडीत मृत, म्हणजे मारलेल्या जंतूंची, लस धोकादायक ठरत नाही, पण प्रतिपिंडं कमी तयार होतात. लस झाली म्हणून निर्धास्त राहू नका. चिकाची आणि शिंगराच्या रक्ताची तपासणी अशा घोडीत अधिकच गरजेची.

जिवंत, म्हणजे दुर्बळ केलेल्या जंतूंची लस या घोडीला देऊच नये, आधी गाभण म्हणून आणि नंतर स्टेरॉइडवर आहे म्हणून. स्ट्रँगल्स या घशाच्या गाठी पिकवणाऱ्या रोगाची लस, कुठल्याही प्रकारची, आम्ही यादीतून काढून टाकू. त्या जिवाणूच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आधीच भरपूर असलेल्या घोड्यात त्या लसीनंतर रक्तवाहिन्यांचा दाह होऊन अंगभर सूज येऊ शकते. एका प्रतिकारजन्य आजारावर दुसरा कशाला ओढवून घ्यायचा?

धनुर्वात

पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं दुसरं कोणी नाही. त्याचे बीजाणू शेणात आणि मातीत असतातच. पेम्फिगसच्या घोडीच्या अंगावर उघडे ओरखडे, विताना होणाऱ्या जखमा, कधी अडकलेली वार, आणि शिंगराची ओली नाळ. इतकी दारं उघडी असताना ही लस टाळण्यासाठी फारच भक्कम कारण लागेल.

लस मृतही नव्हे, नुसतं निष्प्रभ केलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड. घोड्यासाठीची लस मिळाली नाही तर माणसांची टीटी वापरण्याची पद्धत आहे. मात्रा डॉक्टर ठरवतील. दुकानात जाऊन ‘धनुर्वाताचं इंजेक्शन द्या’ एवढंच म्हणू नका. कुपीवर टिटॅनस टॉक्सॉइड लिहिलंय की अँटीटॉक्सिन, म्हणजे एटीएस, हे स्वतः वाचा. अँटीटॉक्सिन ही घोड्याच्याच रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. विलेल्या घोडीला ती दिल्यावर ४ ते १० आठवड्यांनी यकृताचा जीवघेणा दाह झाल्याची उदाहरणं वैद्यकाला चांगली परिचित आहेत. लस झालेल्या घोडीला त्याची गरजच पडत नाही, हा टॉक्सॉइड वेळेवर देण्याचा आणखी एक फायदा.

रेबीज

गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार मिळून कुत्र्यांना लस टोचत आले आहेत, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण पेडणे, सत्तरी, काणकोणच्या हद्दीवर कुत्र्यांना सीमा कळत नाही. तबेल्याला पक्कं कुंपण, आसपासची कुत्री लस झालेली आणि घोडीला गेल्या वर्षी लस दिलेली असेल, तर या खेपेला पुढे ढकलण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. रेबीजची मृत लस गाभण राहण्याआधी दिली तरी चालते, आणि पेम्फिगसच्या घोडीसाठी तीच उत्तम वेळ. आधी कधीच दिली नसेल आणि घोडी किनाऱ्यावर, कुत्र्यांच्या टोळ्यांत फिरत असेल, तर धनुर्वाताच्या लसीपासून किमान तीन आठवडे सोडून ती द्यावी.

कुत्रा चावलाच तर वरचं सगळं गुंडाळून ठेवा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. चावल्यानंतरचे डोस साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी दिले जातात. तेव्हा कातडीचा आजार, गाभणपण, स्टेरॉइड यातलं काहीही आड येत नाही.

हर्पिस आणि इन्फ्लुएन्झा

अश्व हर्पिस विषाणू-१ मुळे शेवटच्या महिन्यांत गर्भपात होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यावर देशी विषाणूपासून मृत लस तयार केली आहे. ती ५, ७ आणि ९ व्या महिन्यात द्यावी लागते, म्हणजे या घोडीला तीनदा चाळवणं आलं. गोव्यात शिगम्याला घोडेमोडणीच्या नाचात जेवढे खोटे घोडे नाचतात तेवढे खरे घोडे एखाद्या तालुक्यात असतील की नाही शंकाच आहे. त्यामुळे पुष्कळ घोड्या एकट्याच राहतात. अशा ठिकाणी बाहेरचा घोडा आत न घेणं हे लसीपेक्षा जास्त काम करतं. नवा घोडा आणायचाच असेल तर ३ आठवडे वेगळा, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि मोतद्दाराने गाभण घोडीचं काम आधी उरकायचं.

याला एक अडचण मात्र आहे. हा विषाणू एकदा शिरला की शरीरात दडून बसतो आणि स्टेरॉइडने जागा होऊ शकतो. घोडी रेसकोर्सवरून किंवा स्टडफार्मवरून आलेली असेल, किंवा तिचा आधी गर्भपात झालेला असेल, तर पारडं लसीकडे झुकतं. इन्फ्लुएन्झाची भारतात १९८७ आणि २००८-०९ मध्ये मोठी साथ आली होती. तो रोग घोड्यांच्या ये-जा वर चालतो. शर्यती, प्रदर्शनं, लग्नाच्या वरातीचे घोडे यांच्याशी संबंध नसेल तर ही लस सोडता येते.

टोचण्याचा दिवस

एका दिवशी एकच लस. चार-पाच रोगांची एकत्र लस सोयीची असते, पण उसळी आली तर कोणामुळे हे कधीच कळत नाही. जंताचं औषध, नाल बदलणं, लांबचा प्रवास हेही त्या आठवड्यात नको.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसवर राहिली पाहिजे. पावसाळ्यात गावात रात्रभर वीज गेली असेल तर फ्रीजमधल्या कुपीवर विसंबू नका. उलटी चूकही तितकीच घातक: बर्फाला चिकटून गोठलेली टॉक्सॉइडची कुपी वितळल्यावर चांगली दिसते, पण कामातून गेलेली असते. बर्फाच्या पेटीत कुपी कागदात गुंडाळून ठेवा.

मानेवर खपल्या असतील तर तिथे सुई नको. मागच्या मांडीचा मागचा स्नायू चालतो. पुठ्ठ्याच्या वरचा भाग टाळा, तिथे गळू झालं तर पू निचरून जात नाही. कातडी घासायची नाही, स्पिरिटचा बोळा हलका टेकवायचा. पेम्फिगसमध्ये नुसत्या चोळण्यानेही वरचा पापुद्रा सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तोच ‘लसीचा व्रण’ म्हणून दाखवला जातो.

सकाळची वेळ निवडा, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. डॉक्टरांना अर्धा तास थांबवून घ्या. त्यांच्याकडे तीव्र ॲलर्जी आली तर द्यायचं ॲड्रेनालिन असल्याचं आधी विचारा: माणसांची १ मिलीची एक कुपी ४०० किलोच्या घोडीला पुरत नाही, चार तरी हव्यात. वेदनाशामक आधीच देऊन ठेवण्याची सवय इथे बरी नाही. स्टेरॉइडसोबत ती पोटातल्या व्रणांना आमंत्रण देतात.

टोचण्याच्या आदल्या दिवशी चारही खुरांच्या कडा, चेहरा, पोटाखालचा भाग आणि शेपटीचं मूळ यांचे फोटो काढा. वहीत लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, टोचल्याची बाजू आणि स्टेरॉइडची त्या दिवशीची मात्रा लिहा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वाराचं तापमान घ्या. ३८.५ पर्यंत ठीक. ३९ च्या वर गेलं किंवा घोडीने चारा सोडला तर फोन करा. टोचल्या जागी लहानशी गाठ दोन-तीन दिवसांत बसते. कातडी दोन आठवडे रोज पाहा, नंतर आणखी दोन आठवडे एक दिवसाआड. दोन्ही बाजूंना सारख्या नव्या पुटकुळ्या, खुराच्या कडेला ओल, पायांना सूज आणि सोबत ताप, असं जुळून आलं तर ती उसळी समजा. फक्त एका पायाच्या घोट्याखालची खपली बहुधा चिखलाची.

उसळी आली तर ठरलेला दुसरा डोस आपोआप द्यायचा नाही. पहिल्या डोसनंतर किती दिवसांनी, किती भागावर, मध्ये औषध बदललं होतं का, हे फोटोंसह डॉक्टरांपुढे ठेवा. त्याच लसीनंतर दोनदा असं झालं असेल तर ती लस त्या घोडीपुरती संपली.

लस दिली नाही, किंवा लागली नाही, तर

चिकाची सोय आधीपासून करा. विल्याबरोबर, शिंगरू प्यायच्या आत, दोन थेंब ब्रिक्स, म्हणजे चिकाचा दाटपणा, मोजणाऱ्या साध्या उपकरणावर घ्या. २३ च्या वर असेल तर चीक चांगला, ३० च्या वर उत्तम. २० च्या खाली असेल तर दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक लागतो. तो ऐनवेळी गोव्यात मिळणं कठीण, म्हणून पुण्याच्या आसपासच्या अश्वपैदास केंद्रांकडे महिनाभर आधी विचारून ठेवा. उणे २० अंशांवर तो वर्षभर टिकतो. वितळवताना कोमट पाणी वापरा, मायक्रोवेव्ह नको. विण्याच्या आधीच सडांतून दूध गळू लागलं असेल तर चीक वाया जातोय, लस कितीही वेळेवर दिलेली असो.

शिंगरू दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे, आणि पहिल्या ६-८ तासांत त्याच्या पोटात एक ते दोन लिटर चीक जायला हवा. २४ तासांनंतर आतडं प्रतिपिंडं शोषतच नाही. १८ ते २४ तासांच्या दरम्यान रक्तातली प्रतिपिंडं तपासा: प्रमाण ८०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर हवं, ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा द्यावा लागतो. तपासणीचं किट डॉक्टरांकडून आधीच मागवून ठेवा.

आईची कातडीवर उलटलेली प्रतिपिंडंही चिकातून जाऊ शकतील, म्हणून पहिले चार-पाच दिवस शिंगराचं तोंड, डोळ्यांभोवतीचा भाग आणि जांघा रोज पाहा. फोड, सोललेली जागा किंवा हिरड्यांवर लाल ठिपके दिसले तर लगेच रक्तातल्या प्लेटलेट्स मोजून घ्या. पण या भीतीने चीक पाजायचा थांबवू नका. चिकाविना राहिलेल्या शिंगराला जंतुसंसर्गाचा धोका याहून कितीतरी मोठा.

आईला धनुर्वाताची लस झालेली नसेल तर शिंगराला जन्मतःच अँटीटॉक्सिन, साधारण १५०० युनिट, द्यावं की नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि त्याची स्वतःची टॉक्सॉइड लस ३-४ महिन्यांचं झाल्यावर सुरू करा. लस झालेल्या आईच्या शिंगराला ती ४ ते ६ महिन्यांनी दिली तरी चालते.